अकोल्याच्या वहिनींचा हात

पोस्टमनने फाटकाशी सायकल टेकवली आणि त्याच्या हातात ते जाड खाकी पाकीट दिसलं, की त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागत नसे. पाकिटावर दादाचं नाव असे. आई ते खुंटीवरच्या पिशवीत ठेवी. दादा कचेरीतून येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. मी येताजाता पिशवीकडे बघायची. संध्याकाळी दादा यायचा, हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि मग पाकीट घेऊन ओसरीत बसायचा. वाचताना मधेच हसायचा. "काय लिहिलं रे?" असं विचारलं की म्हणायचा, "तुले नाही समजनार, थांब."

मला सगळं समजत होतं. त्यातलं निम्मं मीच केलेलं असे.

आम्ही अमरावतीला राहत होतो. वडील शाळेत शिक्षक, दादा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर, आणि मी कॉलेजात. दादाला लहानपणापासून उडत्या विमानांचं वेड. कागदाच्या बाणापासून सुरुवात झाली, मग बांबूच्या कामट्यांची विमानं आली, मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पिळून त्यावर पंखा फिरवणारी. बाहेरच्या देशांत या कामासाठी एक हलकं लाकूड मिळतं असं दादाने वाचलं होतं. ते आमच्याकडे कुठून येणार? आम्ही भेंड वापरायचो, लग्नात बाशिंगं करतात ते. भेंडाच्या पातळ चकत्या कापायच्या, सरसाने जोडायच्या, वर पतंगाचा कागद ताणून लावायचा. नकाशा दादाचा. कापणं दोघांचं. कागद लावणं माझं, कारण दादाच्या हाताला धीर नव्हता.

साठ साल उलटून गेल्यावर कधीतरी दादाने एका इंग्रजी मासिकाला पत्र लिहिलं, आणि वाचकांच्या पानावर त्याचा पत्ता छापून आला. महिन्याभरात अकोल्याहून एकाचं पत्र आलं, मग भुसावळहून, मग नागपूरहून. अकोल्याचे गृहस्थ तेलाच्या गिरणीत विजेचं काम बघायचे. भुसावळचे रेल्वेत होते. नागपूरचे डॉक्टर होते. चौघांनाही वाटत होतं की आपल्या मुलखात हा नाद असलेले आपण एकटेच. मग त्यांनी हे फिरतं पाकीट सुरू केलं. पाकीट आलं की इतरांची पानं, नकाशे, फोटो बघायचे, आपलं मागच्या खेपेचं पान काढून नवं घालायचं आणि पुढच्याकडे पाठवून द्यायचं. कोणी प्रश्न विचारला असेल तर पाकीट फेरी मारून येईपर्यंत त्याची उत्तरं आलेली असत. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं एकमेकांच्या विमानांच्या शेपट्यांवरून भांडत, आणि दादाचा जीव त्या भांडणात अडकलेला असे.

पूर्वी त्याचा जीव माझ्याशी होणाऱ्या भांडणात अडकायचा. पंख किती तिरका ठेवायचा यावर आम्ही जेवणं थंड केली होती. आता मी काही सुचवलं की तो म्हणे, "अकोल्याले विचारून पाह्यतो." मला त्या अकोल्याचा राग येऊ लागला.

एकदा दादा कचेरीत असताना पाकीट उघडंच राहिलं होतं. मी त्याचं पान वाचलं. आमच्या वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत कागद भराभर वाळतो आणि पंखाला पीळ पडतो, यावर त्याने उपाय लिहिला होता. वाळ्याचा पडदा भिजवून खोली ओलसर करायची, पंख पाटावर टाचण्यांनी खिळवायचा, वरून-खालून एकदमच कागद लावायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत. दोन उन्हाळे पंख वाकडे करकरून ही रीत मी शोधली होती. पानावर लिहिलं होतं, "मी असे करून पाहिले." खाली भुसावळकरांनी पेन्सिलीने "वा" असं लिहिलं होतं.

बोलून काय उपयोग होता? दादाला वाटलंच नसतं की यात काही चुकलं.

त्या हिवाळ्यात अकोल्याचे गृहस्थ बायकोला घेऊन आमच्याकडे आले. बरोबर मोठी लाकडी पेटी. त्यांच्याकडे रेडिओवर चालणारं विमान होतं. त्यांचे कोणी नातेवाईक परदेशात होते, त्यांनी इंजिन आणि काही सामान पाठवलं होतं. बाकीचं या गृहस्थांनी स्वतः जोडलं होतं आणि तार खात्याचा परवानाही काढला होता. दादा आदल्या दिवसापासून धड झोपला नव्हता. मीही नव्हते.

वडाळी तलावाच्या पलीकडे कापसाची पऱ्हाटी उपटून झालेलं एक मोकळं वावर होतं. तिथे गेलो. इंजिनात घालायला त्यांनी रॉकेल, एरंडेल आणि डॉक्टरकडून आणलेलं इथर मिसळून आणलं होतं. त्या वासाने डोकं गरगरत होतं. जमिनीवर एक डबा ठेवला, त्यातून उंच तार निघालेली आणि एका वायरच्या टोकाला दाबायचं बटण. गृहस्थांनी दादाला समजावलं, "एकडाव दाबलं की उजवीकडे वळते. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडे. मंग पुन्हा उजवीकडे. बस, एवढंच. पन मागचं वळन कोन्तं होतं ते ध्यानात ठेवा लागते. इसरलं की गेलं."

मला वाटलं, आता ते बटण स्वतः घेतील आणि विमान दादाच्या हाती देतील. त्यांनी बटण बायकोच्या हाती दिलं.

वहिनी माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या असतील. नऊवारी नाही, साधी फुलाफुलांची पाचवारी, डोक्यावर उन्हासाठी पदर. त्यांनी बटण असं धरलं जसं कोणी कुलपाची किल्ली धरतं. गृहस्थांनी इंजिन सुरू केलं, धावत जाऊन विमान सोडलं, ते वर चढलं, आणि वहिनींच्या अंगठ्याची नुसती हालचाल होऊ लागली. विमान वळलं. सरळ झालं. आमच्या डोक्यावरून गेलं, तलावाकडे गेलं, तिथून परत आलं. आकाशातलं इतकं लांबचं काहीतरी एका माणसाचं ऐकतंय, हे मी पहिल्यांदा बघत होते. आणि ते माणूस म्हणजे पदर सावरत उभी असलेली एक बाई होती. इंजिन बंद पडल्यावर त्यांनी विमान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उतरवलं.

दादा भारावून गेला होता. "वहिनींचा हात पाहा," तो मला म्हणाला. "याले म्हनते हात."

एखादा पुरुष उडवत असता तर मला एवढं लागलं नसतं. पुरुषच उडवणार, असं मी धरून चालले होते. तो रस्ता आपला नाही, एवढं मनाशी म्हणून गप्प बसायची मला सवय होती. वहिनींनी ते समाधानही ठेवलं नाही.

घरी आल्यावर त्या आईजवळ चुलीपाशी बसल्या आणि भाकऱ्या थापू लागल्या. विमानाचा विषयही नाही. अमरावतीत लुगडी कुठं बरी मिळतात, अंबादेवीला गर्दी केव्हा कमी असते, हेच. मी मुद्दाम विचारलं, "वहिनी, तुमाले ते बटनाचं कसं समजते?"

"समजाचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "यायले लांबचं दिसत नाही. चष्मा पाह्यला ना केवढा जाड हाये? इमान जरा दूर गेलं की यायले ठिपकाबी दिसत नाही. मंग मीच दाबतो."

"तुमाले आवडते?"

"आवडाचं काय. मान दुखते वर पाहू पाहू. ऊन लागते. मले तं त्यापेक्षा सिनेमा बरा वाटते."

आई हसली. म्हणाली, "आमची ही पाह्य, दिवसभर सरस लावत बसते. बोटाचे सालपटं निघाले हिचे."

वहिनींनी माझ्या हातांकडे पाहिलं. मला तर त्यांच्याकडे बघवेना. जे मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं, ते या बाईच्या हातात होतं आणि तिला त्याचा कंटाळा येत होता.

जाण्यापूर्वी ठरलं की एक मोठं विमान करायचं. रेडिओ अकोल्याचा, विमान अमरावतीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला सगळ्यांनी जमायचं, भुसावळ आणि नागपूरसुद्धा.

ते विमान मी रागाने केलं. एवढं नीट काम मी पुन्हा कधी केलं नाही. पंख पलंगाएवढा लांब होता. भेंडाची प्रत्येक चकती मी उजेडात धरून बघत होते. कागद लावून वाळला की त्यावर टिचकी मारायची. डफासारखा आवाज आला तर ठीक, नाहीतर फाडून पुन्हा. दादा नकाशावर बसलेला असे आणि मधून मधून पाकिटासाठी पान लिही.

एका संध्याकाळी मी विचारलं, "अकोल्याले उडवनार कोन?"

"वहिनी. अजून कोन?"

"आन मी?"

त्याने मान वर केली. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्याला. "तुले जमन काय?"

"तू कधी देऊन पाह्यलं?"

"माह्याजवळ रेडिओ हाये काय तुले द्यायले?" तो म्हणाला. मी पुढची चकती उचलून उजेडात धरली.

आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. पंख जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर आडवा धरला होता. डब्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "कोनाचा पाळना हाये बाई?" दादा लाजला. मी म्हणाले, "माह्या भावाचा." तेवढाच काय तो आनंद.

माझी मावशी अकोल्यात होती म्हणून आईने मला पाठवलं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत सगळे मोर्णा नदीच्या पलीकडच्या मोकळ्या रानात जमले. नागपूरचे डॉक्टर ठेंगणे, हसतमुख. भुसावळचे उंच आणि घोगऱ्या आवाजाचे. एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते, पण पानांवरून ओळख इतकी झाली होती की अर्धी वाक्यं सोडूनच बोलत होते. डॉक्टरांनी आमच्या पंखावरून बोटं फिरवली, टिचकी मारली आणि दादाला म्हणाले, "काय सुरेख कागद बसवलाय हो तुम्ही. मला एकदा समोर बसून शिकवा."

"शिकवीन की," दादा म्हणाला.

मी जवळच उभी होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

पहिलं उड्डाण त्यांनीच केलं. विमान जड होतं. सोडल्यावर क्षणभर खाली गेलं, आणि मग चढत राहिलं. सकाळच्या तिरप्या उन्हात कागद पारदर्शक झाला होता आणि मला खालून एकेक चकती दिसत होती. मी लावलेली प्रत्येक चकती त्या बाईचं ऐकत होती. ती उजवीकडे म्हणाली की उजवीकडे, डावीकडे म्हणाली की डावीकडे. उतरलंही अलगद. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला भलतंच वाटत होतं. माझं लेकरू कोणीतरी कडेवर घ्यावं आणि त्याने माझ्याकडे वळूनही पाहू नये, असं काहीसं.

इंजिनात पुन्हा इंधन भरलं. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि वायर माझ्यापुढे धरली.

"घे वं."

दादा लगेच म्हणाला, "नको वहिनी, तिनं कधी केलं नाही."

"मीबी कधी केलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मले ऊन लागून राहिलं. आन इमानाले सरस-कागद तं हीच लावते ना? तुमच्या आईनंच सांगतलं मले."

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादा बुटाने माती उकरू लागला.

मी बटण हातात घेतलं. वहिनी मागे उभ्या राहून हलक्या आवाजात सांगत होत्या, "आता उजवी झाली. आता डावीची पाळी." विमान वर गेलं. मी दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं, आणि मग ते वळू लागलं. सोडलं. सरळ झालं. पुन्हा दाबलं, डावीकडे. एकदा चुकले, डावीकडे हवं होतं आणि उजवीकडे गेलं, पण वहिनी म्हणाल्या, "दाब, सोड, पुन्हा दाब," आणि ते परत आलं. त्या काही मिनिटांत माझ्या मनात कोणाबद्दल काही नव्हतं. दादा नव्हता, वहिनी नव्हत्या. मी आणि ते.

मग मी दाबलं आणि ते वळलं नाही. पुन्हा दाबलं. इंजिन चालूच होतं, विमान सरळ पुढे जात होतं, लहान होत होतं. वहिनींनी बटण घेऊन दाबून पाहिलं. काही नाही. बाभळींच्या रांगेपलीकडे ते दिसेनासं झालं, आवाज थोडा वेळ येत राहिला आणि तोही थांबला.

"मी म्हनलंच होतं, देऊ नका," दादा सगळ्यांसमोर म्हणाला.

दोन वावरं ओलांडून आम्हाला ते सापडलं. बाभळीवर अडकलं होतं आणि काट्यांनी कागदाच्या चिंध्या केल्या होत्या. रेडिओ शाबूत होता. अकोल्याच्या गृहस्थांनी तिथेच मांडी घालून विमानातले सेल काढले, दिवा लावून पाहिला. दिवा जेमतेम लाल झाला. "सेल बसले," ते म्हणाले. "पहिल्याच उड्डानात संपले असन. माह्यी चूक हाये, मी बदलाले पाह्यजे होते. बाईच्या हाताचा काही दोष नाही."

भुसावळकरही तेच म्हणाले. दादा चादर आणायला निघाला. परतीच्या गाडीत त्याने खिडकी धरली आणि मी मोडका पंख.

पुढच्या पाकिटासाठी त्याने पान लिहिलं. या वेळी मी सरळ समोरून उचललं आणि वाचलं. पहिल्या उड्डाणाचं सविस्तर वर्णन होतं. "मी बनवलेला पंख" असं दोनदा. आणि शेवटी: "दुसऱ्या वेळी माझ्या बहिणीच्या हातून विमान गेले." पाकिटाच्या सबंध आयुष्यात माझा पहिला उल्लेख तो हा.

मी त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, शांतपणे, वेगळ्या कागदावर माझं पान लिहिलं. कागद कसा लावायचा, भेंड कोणतं निवडायचं, वाळ्याच्या पडद्याची कल्पना कशी सुचली, कोणत्या चुका झाल्या. सेल संपल्यावर विमान कसं वाटतं तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं आणि पान दादापुढे ठेवलं.

त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "पाकीट जाड होईन."

"होऊ दे."

त्याने पान आत घातलं. तेवढा तो सरळ होता.

पाकीट फिरून आलं तेव्हा त्यावर दोघांची नावं होती. आत डॉक्टरांचे सगळे प्रश्न मला होते. भुसावळकरांनी त्यांच्या नव्या पंखाचा फोटो पाठवून मला विचारलं होतं की पीळ कुठे पडलाय ते सांगा. दादाला कोणी काही विचारलं नव्हतं. तो पानं चाळून ओसरीतून उठून गेला. त्यानंतर पाकीट आलं की तो आधी जेवून घेई, मग सावकाश उघडी, आणि मी वाचताना हसले तर विचारत नसे की काय लिहिलंय. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. फार बरं वाटलं.

वर्षभराने त्याची बदली नांदगाव खंडेश्वरला झाली. जाताना म्हणाला, "पाकीट तूच सांभाळ. तिथं माह्याच्यानं होनार नाही." त्याने तिथे भजनी मंडळात पेटी वाजवायला सुरुवात केली. विमानाला त्याने पुन्हा हात लावला नाही. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायची वेळही आली नाही.

मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मावशीकडे राहत होते. वहिनींना बाळ झालं होतं आणि त्यांचं रानात येणं बंद झालं होतं. गृहस्थांचे डोळे होते तसेच. त्यांनी मला विचारलं, आणि दर रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर मोर्णेपलीकडे जाऊ लागले. मावशीला हे फारसं पसंत नव्हतं, म्हणून गृहस्थांच्या आईही येत आणि झाडाखाली बसून पोथी वाचत. हळूहळू माझा अंगठा बसला. कोणतं वळण मागचं, हे आता आठवावं लागत नव्हतं.

एका रविवारी वहिनीही आल्या, बाळाला घेऊन. उड्डाण होईपर्यंत झाडाखाली सासूजवळ बसून राहिल्या. विमान उतरल्यावर मी त्यांच्याजवळ गेले.

"कसं वाटलं वहिनी?"

"चांगलं उडवतं तू," त्या म्हणाल्या. मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाल्या, "खरं सांगू काय? मले तुह्या राग येऊन राहिला. तवा कंटाळा येत होता. आता घरी बसून तुमी सारे रानातून येतपर्यंत वाट पाह्यतो, आन माह्या अंगठा आपोआप दाबते. भाकर थापतानाबी."

त्यांच्यावर मी किती जळले होते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि तेव्हाही सांगितलं नाही. मी फक्त म्हणाले, "द्या इकडे लेकरू."

बाळ माझ्याकडे आलं आणि वायर त्यांच्याकडे गेली. गृहस्थांनी विमान सोडलं. वहिनींनी पदर खोचला, मान वर केली. इतक्या महिन्यांनी बटण हातात घेऊनही त्यांना एकदाही मोजावं लागलं नाही. विमान वर चढलं, मोठा गोल घेऊन आलं, आमच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की झाडाखालच्या म्हाताऱ्या बाईंनी पोथी मिटली. असं खालून नेणं मला अजून जमलं नव्हतं. बाळ माझ्या खांद्यावर लाळ गाळत होतं. मी त्याला थोपटत होते, वर बघत होते आणि मनात म्हणत होते की मी दर रविवारी येते, ही वर्षाने एकदा आली, आणि तरी ही माझ्यापेक्षा चांगलंच उडवते.